मुळ्याच्या बियांचं औषध

वहिनीच्या हरितगृहातल्या स्ट्रॉबेरीवर करडी बुरशी आली, तेव्हा तिची धाकटी नणंद प्रयोगशाळेतून दोन कॅन घेऊन आली. घरात तिला सगळे चष्मिस म्हणत. मुळ्याची बी रुजताना कुजू नये म्हणून स्वतःभोवती एक चिमुकलं प्रथिन सोडते, पेप्टाइड. सात वर्षं चष्मिस त्याच्या मागे हात धुऊन लागली होती.

"हे मुळ्याचं पाणी काय दिवे लावणार?" वहिनीने विचारलं.

"ते तूच सांगायचंस."

चष्मिसने तीन ओळींना लाल फीत बांधली, तीन ओळींना पांढरी. एका रंगावर औषध फवारलं, दुसऱ्यावर नुसतं पाणी. कुठे काय, ते काही केल्या सांगेना. "कळलं की तुझे डोळे पक्षपात करतील."

वहिनी रोज सडकी फळं मोजू लागली. दहा दिवसांत पांढऱ्या ओळींत शंभरावर, लाल ओळींत जेमतेम वीस! तिने लगेच फोन लावला. चष्मिस आली, सोबत शेती-औषधांच्या कंपनीचा साहेब. "लाल म्हणजेच औषध," तिने सांगितलं, तसा तो हरखला. "बाई, आजच करार करू!"

चष्मिस मात्र लाल ओळींपाशी थबकली. तिथली पानं हलत होती. पंखा त्याच बाजूला होता.

"वारा लागला की बुरशी तशीही कमी येते. बाजू बदलून पुन्हा करते. मग या."

साहेब गेला. वहिनी कळवळली. "अगं, सात वर्षं घासलीस! हो म्हणायला काय जात होतं?"

"आणि ज्यांच्याकडे पंखा नाही त्यांचं काय?"

वहिनी जुन्या फिती सोडायला लागली.

दुसऱ्या खेपेला औषध पंख्यापासून लांब फवारलं. दहा दिवसांनी तिथे चाळीस फळं सडली, पंख्याजवळच्या नुसत्या पाण्याच्या ओळींत सत्तर. फरक घटला होता. पोर खट्टू होणार म्हणून वहिनीने कागद भीतभीतच पुढे केला.

चष्मिसने तो दोनदा वाचला आणि वहिनीला कडकडून मिठी मारली. "वाऱ्याची मदत नसताना एवढं! वहिनी, हे खरंच काम करतं गं!"

साहेबाचा उत्साह निम्म्यावर आला, तरी मोठ्या चाचण्यांना त्याने होकार दिला. वहिनीने पुढच्या हंगामासाठी अख्खं हरितगृह देऊन टाकलं.

"मला विचारलंस तरी का?" नवरा म्हणाला.

"बहीण तुमची असेल," वहिनी म्हणाली, "पण तिची किंमत तुमच्याआधी मला कळली."