खळीचा टोप

अगं नलू, तू आधी नुसतं ऐक. मधे हसलीस तर मी उठून जाईन.

धाकटीच्या बाळंतपणानंतर मला नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की घाम फुटायचा. सगळं कोरडं, नुसती आग. सांगायचं कुणाला? शेवटी सुभद्रा नर्सला सांगितलं. ती म्हणाली, त्यात लाजायचं काय, मूठभर जवस दोन पेले पाण्यात उकळ, ढवळत राहा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच फडक्यातून गाळ. गार झालं की गाळता येत नाही. दोन दिवसांत संपव, नाहीतर वास मारतो. ते लाव. लावलं गं. पहिल्यांदा दात न आवळता झोपले. आमच्या ह्यांना सगळं ठाऊक. भायखळ्याहून जवसाची पुडी शर्टाच्या आत लपवून हेच आणायचे.

परवा समितीच्या सभेची पोस्टरं लावायची होती. आमच्या घोडपदेवच्या चाळीत तात्या ते काम बघतात. दर खोलीत मैदा वाटायचा, आपण खळ शिजवून द्यायची, पहाटे पोरं बादली घेऊन गोळा करतात. मी खळ शिजवून एका टोपात ठेवली, शेजारच्या टोपात जवसाचं निवत ठेवलं, आणि नळावर गेले. तेवढ्यात पोरं आली. सासूबाईंनी उचलून दिला जवसाचा टोप. आणि खरी खळ? ती शिळी पेज समजून मोरीत ओतली.

पोरांनी पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी भिंती भरून टाकल्या. भोंगा झाला तेव्हा अर्धी पोस्टरं गटारात. सटासट घसरली. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' वर गिरणी कामगारांचे पाय.

तात्या बादली घेऊन आमच्या दारात. अख्खी गॅलरी जमली. म्हणाले, तुमच्याच टोपातलं बुळबुळीत पडलं, सगळी बादली वाया गेली. आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "लोक गोळ्या खातायत आणि ह्या बाईनं चळवळीचा मैदा पोळ्यांना वापरला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोलतील. हे जमिनीकडे बघतायत. मी ह्यांना आत बोलावलं. तर हे हळू आवाजात काय म्हणाले माहितीये? "बकुळा, कबूल करून टाक. मैदा घेतला म्हण. दोन दिवस बोलतील, विसरतील."

अगं, चोर म्हण! स्वतःला! मोर्च्यात ह्यांच्या बरोबरीनं मी चालले, धाकटीला कडेवर घेऊन अश्रुधूर खाल्ला, डोळे आठवडाभर सुजलेले, आणि मी मैदाचोर. का, तर बायकोला दुखत होतं हे चाळीला कळता कामा नये. मी म्हटलं, मग तुम्ही घेतला म्हणून सांगा. तर हे पाठ फिरवून उभे.

डोकंच फिरलं माझं. बाहेर गेले आणि सांगितलं. सरळ. तात्या, त्या टोपात जवसाचा चीक होता, नवऱ्याजवळ झोपताना मला त्रास होतो म्हणून नर्सनं सांगितलेला. तुमचा मैदा मोरीत आहे, जाऊन बघा, अजून चिकटलेला असेल.

तात्यांना कुठे बघावं कळेना. त्यांनी बादली उचलली आणि जिना उतरले, माफी नाही की काही नाही. सासूबाई कानावर हात ठेवून बसलेल्या.

आणि हे! मला म्हणाले, आता गिरणीत खात्यातल्या लोकांना तोंड कसं दाखवू. मी म्हटलं, बायको चोर ठरली असती तर दाखवलं असतंत ना? तेव्हापासून बोलत नाहीत. जेवतात, ताट सरकवतात, निघून जातात. काल सासूबाई म्हणाल्या, पाय धर त्याचे, म्हण चुकले. मी काय चुकले? मी नाही धरणार.

आता तूच सांग नलू, खरं सांग. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?