दगडावर नसलेले नाव

मंत्र्यांनी गाडीतच भाषणातला मृतांचा आकडा खोडून वर दुसरा लिहिला. शेजारच्या सचिवाने मान लांब केली. भाषण नेहमीचेच होते. एरवी ‘नवव्या स्मृतिदिनी’चे ‘दहाव्या’ केले की झाले, बाकीचा शोक जसाच्या तसा.

"साहेब, बोटीत एकशे बारा गेले. स्मारकाच्या दगडावर तेवढीच नावं आहेत."

"बोट चालवणारा धरून एकशे तेरा."

चौकशी समितीने सगळे खापर त्या चालकाच्या माथी फोडले होते. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे कामही लवकर उरकले.

मंत्र्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. बोट बुडाली त्याच संध्याकाळी फायलीतून काढलेला कागद तिथे होता. ‘असा कागद आलाच नाही,’ असे त्यांनी समितीला सांगितले होते. सकाळी कोट हातात देताना बायकोने खिसा चाचपला होता.

"आज वाचणार?"

"बघू."

"दहा वर्षं बघताच आहात," ती म्हणाली आणि कोटाची बटणे लावू लागली.

धक्क्यावर दोरीच्या आत मृतांचे नातेवाईक खुर्च्यांवर बसले होते. दोरीबाहेर चालकाची बायको उभी होती. तिला कधी कुणी आत बोलावले नाही आणि तिने येणे सोडले नाही. मंत्री दरवर्षी तिच्याकडे बघायचे टाळत. यंदा त्यांनी बघितले. केस पार पिकले होते तिचे. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दोन मिनिटांची शांतता संपली. त्यांनी भाषण सचिवाच्या हातात परत दिले.

"ती दोरी सोडा. त्यांना आत येऊ द्या."

ती आली. कुणी खुर्ची सरकवली नाही, म्हणून उभीच राहिली.

मंत्र्यांनी घडी उलगडली. "हे अपघाताच्या वीस दिवस आधीचं पत्र आहे, बोटीच्या चालकाचं. ‘साहेब, बोटीच्या तळाला तडा गेला आहे. माणसं भरायचा धीर होत नाही. दुरुस्तीपर्यंत बोट थांबवावी.’"

सचिव एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थबकला.

"खाली शेरा आहे." मंत्री घोटभर पाणी प्यायले. "‘गर्दीचा हंगाम संपला की बघू.’ अक्षर माझं आहे."

मग पहिल्या रांगेतले, दोन्ही मुलगे गमावलेले म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले आणि आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली.

"बस बाई," ते म्हणाले. "किती वर्षं उभी आहेस."