अंगणातला हंस

बुबुसाराच्या नातवाच्या, बेकतुरच्या, पायातली दोरी आज कापायची होती; पोर पावलं टाकू लागलं की त्याचे पाय दोरीने बांधून ती कापायची, अशी रीत. मेंढा शिजत होता, पिठाच्या तळलेल्या बोर्सोकचा ढीग लागला होता, आणि विहीणबाई कुमुश नाक वर करून नारीनहून आल्या होत्या. त्यांच्या लेकाचा मुलगा म्हणे वर्षाच्या आत पळायला लागला होता. बेकतुर आज सगळ्यांदेखत चालला नाही, तर ती बातमी विहीणबाईंच्या आधी नारीनला पोचणार होती.

बुबुसाराचा सगळा राग सुनेवर होता. मीरिम बालवाडीत शिकवायची. महिनाभर ती पोराबरोबर कधी ससा, कधी अस्वल, कधी हंस होऊन घरभर फिरत होती.

"पोराचं घोड्यावर बसायचं वय आलं, नि ही त्याला रांगायला शिकवतेय. वर याचा पगार मिळतो म्हणे!"

अंगणात नमदा अंथरला. बेकतुरच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधली. फाटकापासून मुलं धावत सुटली. शेजारची तुर्सुनाय पहिली आली. दोरी कापायचा मान तिचा. तिने कात्री उचलली, आणि एवढी माणसं बघून बेकतुरने हात जमिनीला टेकले, ढुंगण वर केलं आणि तो गुरगुरला.

"अस्वल!" मुलं खिदळली.

"आमची मुलगी माणसांच्या घरात दिली, असं वाटलं होतं हो," कुमुश म्हणाल्या.

रांगत्या पोराची दोरी कापायची नसते. तुर्सुनाय कात्री घेऊन ताटकळली.

"आई, मी त्याला हंस—" मीरिम पुढे झाली.

"गप! पुरे तुझी सर्कस."

सुनेला बाजूला सारून बुबुसारा स्वतःच उकिडवी बसली. तिच्या आईने तिला, तिने आपल्या मुलांना चालवलं होतं, तसे दोन्ही हात पसरून ती डुलू लागली. "हंसा हंसा, ऊठ... हंसा हंसा, डुलत ये..."

बेकतुरने मान वर केली. हा खेळ त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. तो उठला, हात पसरून डुलत उभा राहिला. कात्री चालली. तीन पावलं टाकून तो आजीच्या छातीवर आदळला.

"बघितलंस?" बुबुसारा धापा टाकत सुनेवर गरजली. "ही आमची रीत! शिकवतात का असलं तुझ्या बालवाडीत?"

"शिकवतात ना. फक्त हात जरा वर धरतात."

बुबुसारा उठायला गेली, तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. विहीणबाई बोर्सोक निवडण्यात गुंग होत्या. मीरिमने सासूच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं.

"हळू गं!" बुबुसारा कळवळली. "अस्वल आहेस का?"