एफ लिहिलेली नळी

मी ओक ग्युम-रान. कोरियातल्या डेगूच्या या हॉस्पिटलात एकवीस वर्षं नमुन्यांच्या नळ्यांवर नंबर घालतेय. माझं अक्षर मोत्यासारखं, असं सगळे म्हणतात. जळो मेलं ते अक्षर!

आमच्या मोठ्या डॉक्टर, ब्योन मॅडम, यांचं निम्मं आयुष्य पोटाच्या चरबीवरच्या संशोधनात गेलं. चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे, ती आतल्या आत धुमसते, सुजते आणि मग साखर, यकृत, काळीज, सगळ्यांची वाट लावते, असं त्या सांगायच्या. ती सूज उतरवणारं औषध त्यांनी बारा पुरुषांना द्यायला घेतलं. दर तीन महिन्यांनी सुईनं पोटातला चरबीचा कण काढायचा आणि तपासायचा. एखाद्याला औषध उलटून सूज वाढलेली दिसली, की त्या माणसाचं औषध त्याच दिवशी बंद. या एका नियमावर सगळ्यांचा जीव.

चौथा माणूस प्यो दोक-सू. बाजारात शेवयांच्या सूपचं दुकान. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे.

"ताई, मी लठ्ठ कुठाय? बायको म्हणते, वाऱ्यानं उडशील."

"छे! पोट धरून ठेवेल की तुला," मी म्हटलं. खो-खो हसला. मग त्यानं माझ्या हातातल्या पेनाकडे बोट केलं. "ताई, चार लिहिणार?"

आमच्याकडे चार आणि मरण, उच्चार एकच. लिफ्टमध्येसुद्धा तीननंतर एफ असतं, इंग्रजी फोरमधलं. जित्या माणसाच्या नळीवर मरण कोण लिहील? मी एफ लिहिलं. त्यानं दोनदा कमरेत वाकून आभार मानले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये नळ्या तपासायचं काम डॉक्टर मिनकडे गेलं. अठरा वर्षं अमेरिकेत काढून आलेला माणूस.

जूनमध्ये प्यो हळदीसारखा पिवळा होऊन वॉर्डात आला. तोवर रक्ताच्या तपासणीत काही म्हणून दिसलं नव्हतं. मॅडमनी तक्ता उघडला तर चौथ्या ओळीत मार्चचा रकाना कोरा.

"मार्चमध्ये हा आलाच नव्हता का?"

"आला नव्हता कसा? मी स्वतः नळी भरली!" मी उसळलेच.

मिन म्हणाला, "चार नंबर मला मिळालाच नाही. मला वाटलं, तो आला नसेल. हां, एका बाईचा नमुना मात्र चुकून आला होता. एफ, म्हणजे फीमेल. मी बाजूला ठेवला."

मी पुढे झाले. "अहो, ती बाई नव्हे. तो चार आहे. प्यो आहे तो."

मॅडमनी फ्रीजरमधून नळी काढून स्वतः तपासली. मार्चमध्येच सूज दुपटीवर गेली होती. तरी तीन महिने त्या बिचाऱ्याला आम्ही औषध पाजत होतो.

"नमुना हरवला असं लिहू या," मिन हळूच म्हणाला. "नाहीतर मॅडम, तुमचं पंधरा वर्षांचं काम मातीत जाईल."

"जाऊ दे मातीत. मरतोय तो माणूस, कळतंय का तुम्हाला?" मॅडमचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "चला, ओकबाई. त्याच्या बायकोला सांगायला हवं."

बायको वॉर्डाच्या दारात पेजेचा डबा घेऊन उभी होती. मॅडमनी काही न लपवता सगळं सांगितलं. यकृत गेलंय, आता उपाय नाही, हेही सांगितलं. मी म्हटलं, "एफ मी लिहिलं." तिनं डबा खाली ठेवला.

"मार्चमध्ये औषध थांबवलं असतं, तर?"

मीच म्हटलं, "वाचला असता."

मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. तिनं माझी बाही धरली आणि कुजबुजली, "त्यांना नका सांगू. सकाळपासून शेजारच्या खाटेवाल्याला ऐकवतायत, इथं माझी ताई आहे, मला काही होत नाही म्हणून."

आतून प्योचा आवाज आला, "कोण आलंय? ताई का गं?"

मी आत गेले. "बरा होशील रे," म्हणाले.