तीन पिवळी पाकिटं

निळ्या क्रीमचा केक ज्यानं शोधून काढला, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. एक रविवार त्याला माझ्याबरोबर उभा करीन. तीस पोरांच्या निळ्या जिभा बघ म्हणावं, पडद्याला पुसलेली निळी बोटं बघ, आणि शेवटी एखादं पोर कोपऱ्यात निळं ओकतं, ते पुसायचं फडकं तुझ्याच हातात देते. बारा वर्षं मी मुलांच्या वाढदिवसाच्या पार्ट्या करते. नणंद सजावट बघते, मी खेळ घेते आणि आयांशी बोलते. दोघींत जास्त कोण दमतं ते सांगायला नको.

ज्याचा वाढदिवस त्याला आधी विचारायचं, हा माझा नियम. त्याचा उपयोग काही नसतो, कारण ठरवते आईच. पण मी विचारते. त्या घरी गेले तेव्हा सात वर्षांचा होणारा तो मुलगा खुर्चीत अगदी ताठ बसला होता, ऑफिसात साहेब बसतात तसा. मी म्हटलं, "काय साहेब, कसली पार्टी हवी?"

"पोस्ट ऑफिसची," तो म्हणाला.

राजकन्या ऐकल्या, समुद्री चाचे ऐकले, डायनासोर तर इतके केले की त्यांच्या शेपट्या माझ्या माळ्यावर मावत नाहीत. पोस्ट ऑफिस पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं सगळं नीट सांगितलं. एक खिडकी हवी, रांग हवी, प्रत्येकाला एकेक पत्र यायला हवं, आणि शिक्का तो स्वतः मारणार. शिक्का तयारच होता. आजोबांनी मोठ्या खोडरबरावर कोरून दिलेला, जांभळ्या शाईचा. त्यानं माझ्या डायरीच्या पानावर तो मारून दाखवला. 'पोचले' असं उमटलं. त्या दिवसापासून मी त्याला पोस्टमास्तर म्हणायला लागले.

सोफ्यावरून त्याची आई, म्हणजे आमच्या मॅडम, हसल्या. "पोस्ट ऑफिस म्हणे. उद्या बँकेची पार्टी मागेल. तुम्ही अंतराळ धरा, फोटो छान येतात."

पोस्टमास्तरानं हट्ट केला नाही, रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. हट्ट करणारं पोर बरं असतं हो, त्याला फुगा देऊन गप्प करता येतं. हा बघत राहिला तशी मी पिशवीतून पिवळी पाकिटं काढली. खजिना शोधायच्या खेळात आमची कोडी नेहमी पिवळ्या पाकिटांत असतात, कारण लहान पोरांना पिवळं लांबून दिसतं. गठ्ठा कायम पिशवीत असतो. त्यातली थोडी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुला ज्यांना बोलवायचंय त्यांना पत्रं लिही. मी पोचवते. मी तुझी पोस्टमन."

पोरं गप्प करायला मी दिवसाला अशी शंभर वाक्यं बोलते. लक्षात एकही राहत नाही.

त्याच्या लक्षात राहिलं. पुढच्या आठवड्यात मी पोशाखाची मापं घ्यायला गेले, तर तो तीन पाकिटं घेऊन दारातच उभा. चिकटवलेली, शिक्का मारलेली. चष्मिसला एक, लंबूला एक, बडबडीला एक. ही त्याची जुन्या गल्लीतली मित्रमंडळी. वर्षापूर्वी घर बदललं, शाळा बदलली, आणि तेव्हापासून भेट नाही. "मी आजीच्या फोनवरून सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "पत्र हातात आल्याशिवाय यायचं नाही. पोस्टाचा नियम आहे. तिघं चष्मिसच्या पायरीवर थांबतील."

"आणि पत्ता?"

त्यानं पाकीट उलटं केलं. मागे नकाशा होता. पाण्याची टाकी, सायकलवाल्याचं दुकान, निळं दार, त्यासमोर तीन पायऱ्या. पायऱ्यांवर तीन टिंबं.

मी लिफ्टपाशी पोचते तोच मॅडम मागून आल्या. आवाज एकदम खाली. "ती पाकिटं देऊ नका हं कुठे. टाकून द्या. माझ्याकडे दिसली तर तो रडेल."

मी म्हटलं, "तिघंच आहेत, मॅडम."

"चांगली आहेत हो मुलं. पण त्यानं आता इथल्यांत मिसळायला हवं की नको? तीस ठरलेत, यांच्या ऑफिसातले आहेत, शाळेतले आहेत. आणि त्या मुलीचं नाक सतत गळत असतं. फोटोत दिसतं ते."

सात वर्षांच्या मुलीचं नाक. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे काही वावगं बोलल्याची खूणही नव्हती, जणू पडद्याचा रंग चुकलाय एवढंच सांगितलं. आणि मी काय म्हटलं? "बरं," म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तीस मुलं म्हणजे तीस घरं, तीस घरांत पुढच्या वर्षी तीस वाढदिवस. मला लोभ सुटला होता.

कचऱ्याचा डबा खाली फाटकाशीच होता. पाकिटं त्यात टाकायला हात झाला नाही, म्हणून पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात सरकवली, कोऱ्या पाकिटांशेजारी. टाकली तर नाहीत ना, असं म्हणून घरी जाताना मी स्वतःचीच पाठ थोपटली. पोचवलीही नाहीत, ते सोयीनं विसरले.

पार्टीच्या दिवशी घराचं अंतराळ झालं. काळे पडदे, चांदीचे तारे, छताला टांगलेले ग्रह. नणंदेनं जीव ओतला होता, तिचं काही वाईट म्हणणार नाही. पोस्टमास्तराला पांढरा फुगीर पोशाख आणि डोक्यावर काचेचा टोप घातला होता. आत वाफ धरून काच पांढरी झालेली. तो बोटानं आतून पुसायचा प्रयत्न करायचा, पण हातमोजे इतके जाड की ते जमेना.

पाहुणे आले. आया एकमेकींना गालाला गाल लावून भेटत होत्या आणि पाठ वळताच नाकं मुरडत होत्या. एकीनं आपल्या लेकीला केक खाऊ दिला नाही आणि तिच्या बशीतला स्वतः उभ्या उभ्या बोटानं चाटून संपवला. मॅडमनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. संगीतखुर्चीत मोठ्या साहेबांची मुलगी जिंकायला हवी. गाणं थांबवणारा अंगठा माझाच, त्यामुळे ती जिंकली. तिलाही ते माहीत असावं, कारण शेवटच्या फेरीत ती पळालीसुद्धा नाही. खुर्चीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती, थांबव आता म्हणून. सात वर्षांच्या पोरीला एवढं कळतं, याची मला किळस आली. कुणी शिकवलं ते मात्र विचारू नका. अंगठा माझा होता.

आणि दर वेळी गाणं थांबलं की पोस्टमास्तर खिडकीशी. खाली फाटक दिसायचं तिथे.

तिसऱ्या वेळी तो माझ्यापाशी आला. टोप वर करून म्हणाला, "मावशी, पत्रं दिलीत ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग येतील," तो म्हणाला आणि टोप परत घातला.

सकाळी नणंद माझ्या पिशवीतली पाकिटं घेऊन लपवते, ही आमची रीत. ती आतलं कोडं वाचत नाही, वाचलं तर पोरं शोधताना तिच्या तोंडावर उमटतं आणि पोरं हुशार असतात, तोंड वाचतात. चिकटवलेलं पाकीट दिसलं की घ्यायचं आणि लपवायचं. मी कोडी लिहिली होती आठ. तिनं लपवली अकरा. दुपारी माझ्या शेजारून जाता जाता म्हणाली, "वहिनी, या वेळी तीन जास्त केलीस गं," आणि माझ्या तोंडात फुगा होता. मी मान हलवली. ऐकू आलं ते डोक्यात शिरलंच नाही.

खजिन्याचा खेळ सुरू झाला. चांदीचे पंख लावलेल्या एका मुलीला कुंडीमागे पाकीट मिळालं. तिनं फाडलं आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचायला लागली.

"चष्मिस, माझ्या वाढदिवसाला ये. मी पोस्टमास्तर होणार आहे. तुला शिक्का मारायला देईन, पहिला नंबर तुझा. बडबडीला हात धरून आण. तिला एकटीला रस्ता ओलांडता येत नाही. तिला रुमाल पण आण. इथे कुणीच मला ओळखत नाही."

मी पिशवीचा बाजूचा कप्पा चाचपला, तो रिकामा होता.

"यात कोडं कुठंय?" एकानं विचारलं.

"शिक्का शोधायचाय, येड्या," दुसरा म्हणाला, आणि तीस पोरं शिक्का शोधायला धावली. उशा उचकल्या, चपला उचकल्या. कुणाला दुसरं पत्र सापडलं, कुणाला तिसरं. लंबूचं पत्र एकानं खुर्चीवर चढून वाचलं, नाकातून आवाज काढत, म्हणून सगळी हसली. मोठी माणसं फोन वर धरून चित्रण करत होती. मॅडमनी अक्षर ओळखलं. क्षणभर चेहरा उतरला त्यांचा, मी बघितला. दुसऱ्या क्षणी हसू जागेवर. "त्याचीच कल्पना हं सगळी," त्या म्हणाल्या. "किती गोड ना?"

टाळ्या पडल्या. मला शिसारी आली. त्या हसण्याची, त्या फोनांची, बशीत वितळणाऱ्या निळ्या चिखलाची. आणि हे पण सांगायला हवं, की टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन टाळ्या माझ्याही होत्या. बारा वर्षांची सवय, हात आपोआप वर गेले.

पोस्टमास्तरानं टोप काढून जमिनीवर ठेवला. केस घामानं कपाळाला चिकटलेले. तो एकेकापाशी गेला आणि "दे" म्हणून पत्र मागून घेतलं. कुणी ओढाओढ केली नाही. तिन्ही घेऊन माझ्यापुढे आला.

"पोचली नाहीत?"

थाप तयारच होती माझ्याकडे. "अरे, घर सापडलंच नाही बघ."

त्यानं पाकीट उलटं केलं आणि नकाशा माझ्यापुढे धरला.

"मी आत्ता जाते," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता नेऊन देते. दे इकडे."

"नको," तो म्हणाला. पाकिटं पोशाखाच्या आत, छातीशी घातली. "तुम्ही खेळ घ्या."

मी खेळ घेतले. आणखी दोन राहिले होते ना ठरलेले. निघताना मॅडमनी दारात माझा हात दाबला. पत्रांवरून बोलणी खायची तयारी ठेवून मी उभी होते. तर त्या म्हणतात, "पत्रांचं भलतंच छान जमून आलं हो, सगळे विचारतायत. पुढच्या वर्षी तेच करू या." मग लेकाला पुढे ढकललं. "मावशींना थँक्यू म्हण." तो थँक्यू म्हणाला. जसं शिकवलं होतं तसं, डोळ्यांत बघून.

खाली आल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, झालं ते झालं. मुलं विसरतात." मी तिच्या हातात सगळ्या पिशव्या दिल्या आणि तिला घरी पाठवलं.

पत्रं माझ्याकडे नव्हती, पण नकाशा डोळ्यांपुढे होता. पाण्याची टाकी सापडली. सायकलवाला दुकान बंद करत होता, त्यानं गल्ली दाखवली. पायी दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळा आठवडाभर ती दहा मिनिटं माझ्याकडे होती. उजेड कमी झाला होता, तरी निळं दार लांबून कळलं. वाटेत मी म्हणत होते की आता ती घरात गेली असतील, जेवायला बसली असतील, मुलं विसरतात.

तिघं पायरीवर होती. चष्मिस, लंबू आणि मधे बडबडी, तेल लावून चापून विंचरलेले केस, इस्त्रीचे कपडे. चष्मिसच्या हातात घडी केलेला स्वच्छ रुमाल होता. लंबूच्या मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी, दोरा गुंडाळून. माझ्या अंगावर अजून पार्टीचा चांदीचा डगला होता, तो बघून तिघं एकदम उभी राहिली.

"पोस्टमन मावशी?" चष्मिसनं विचारलं.

मी हो म्हटलं.

बडबडीनं नाक पुसलं, हात फ्रॉकला घासून कोरडा केला आणि पुढे केला. "आमचं पत्र?"

"माझ्याकडे नाही," मी म्हटलं. "मी वेळेवर दिलं नाही. चूक माझी आहे, त्याची नाही. त्यानं लिहिलं होतं."

तिनं हात तसाच ठेवला. लहान मुलं असा हात ठेवतात, मोठ्यांनी काहीतरी गंमत केली असेल आणि आता काढतील पाठीमागून, म्हणून.

"मग पार्टी कधी आहे?" लंबूनं विचारलं.

"झाली," मी म्हटलं.