दुर्गाचे चार प्रश्न

“दादा, बडोद्याला नळाला पाणी किती वेळ येतं? मराठी शाळा जवळपास आहे का? दोन खोल्या कुठल्या भागात बघाव्यात? आणि एकट्या बाईला तिथले लोक निवांत राहू देतात का?”

माझ्या धाकट्या बहिणीचे, दुर्गाचे, हे पत्र १९९४च्या एप्रिलमध्ये आले. तिचे यजमान जाऊन तीन महिने झाले होते. जळगावला भाड्याच्या घरात ती आणि नऊ वर्षांची शलाका, अशा दोघीच होत्या. त्या पत्राला मी उत्तर दिले नाही.

खरे तर ते माझ्याच्याने पुरे झाले नाही. मी ग्रंथालयात सूचिकार होतो. वाचकाने काही विचारले तर आठवणीवर सांगायचे नाही, बघून सांगायचे, ही तिथली शिस्त. त्यामुळे आमच्या नागरवाड्यातल्या पाण्याची वेळ ठाऊक असूनही मी इतर भागांची चौकशी करायला पालिकेत गेलो.

“अहो, तिला काय अख्ख्या गावाचं पाणी प्यायचंय?” माझी पत्नी मंदाकिनी म्हणाली. “एका कार्डावर ‘ये’ लिहा आणि टाका पेटीत. बस.”

“अर्धवट माहितीवर ती घर मोडून आली तर?”

“माझ्या वडलांनी मला देताना तुमची एवढी चौकशी केली नव्हती. केली असती तर बरं झालं असतं!”

शाळेला उन्हाळ्याची सुटी होती, म्हणून जूनपर्यंत थांबलो. मग खोल्या बघितल्या, जिने मोजले, बसचे नंबर टिपले. ऑगस्टपर्यंत नऊ पाने झाली. सप्टेंबरात सुरतेला प्लेग आला. बडोद्यातही लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. अशा वेळी कुणाला गुजरातेत ये म्हणावे का, ही नवी शंका आली.

दिवाळीत तिचे कार्ड आले, बुलढाण्याहून. “आम्ही भाऊजींकडे राहायला आलो. सुखरूप आहोत.” पुढे लग्नाकार्यांत भेटी झाल्या. ती सगळे बोलायची, बडोद्याचे मात्र कधी काढले नाही. मला तेव्हा सुटल्यासारखे वाटायचे, हे लिहिताना लाज वाटते.

त्याला बारा वर्षे झाली. मंदाकिनीही आता नाही. गेल्या महिन्यात शलाकाला बडोद्याजवळ वाघोडियाच्या एका कारखान्यात नोकरी लागली. ती रविवारी दुपारी भेटायला आली. मैत्रिणींबरोबर होस्टेलवर राहते म्हणाली.

“इथंच राहा की.” एवढे म्हणायला मला अख्खा कप चहा लागला.

“नको मामा. आईनं बजावलंय, मामाला त्रास द्यायचा नाही.” मग ती हसली. “तुम्हाला माहितीय? तेव्हा आईनं सगळी भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. मामाचं पत्र आलं की निघायचं! अख्खा पावसाळा आम्ही दोघी एका ताटात जेवलो. मला तर मज्जा वाटायची.”

“मग?”

“मग काका टेम्पो घेऊन आले. पोतं तसंच चढवलं. आई म्हणाली, दादाला जमत नसेल, आणि नाही म्हणायला जीव होत नसेल.”

तिने माझ्याकडे पाहिले आणि हसू आवरले.

“जाऊ द्या ना मामा. काकूच्या हाताखाली काढली आईनं बारा वर्षं. झालं आता. फोन लावून देऊ? घ्या, बोला.”

मी नको म्हणून मान हलवली. दुर्गाने पत्राने विचारले होते.

शलाका गेल्यावर ती नऊ पाने काढली. बसचे नंबर बदललेले. शाळा बंद पडलेली. खोल्यांच्या जागी दुकाने झालेली. मी पाने बाजूला ठेवली आणि एक अंतर्देशीय घेतले.

“चि. दुर्गास अनेक आशीर्वाद. तुझे एप्रिल ९४चे पत्र पोचले होते. पाणी सकाळी सहा ते सात येते, दोघांचे भागते. लोक चौकशा फार करतात, पण आजारी पडलीस तर डबाही तेच आणतात. शाळेची आता गरज उरली नाही. खोल्या बघायला नकोत. आपल्याकडे मागची खोली रिकामी आहे. तेव्हाही होती. आता तू येशील असे वाटत नाही. तरी ये.”

पेटीपाशी गेल्यावर पिनकोड पुन्हा एकदा तपासून बघावा, असे वाटले. बघितला नाही. पत्र सोडले. पेटी रिकामी असावी. ते तळाला टेकल्याचा आवाज आला.