दारातली मोटार

शरच्चंद्राची मोटार आळीत घरासमोर एका बाजूला कलंडून उभी होती. मागच्या चाकांचा आस मोडला होता. त्या बाजूचं चाक काढून खाली चिरे लावले होते. नवा आस आणायला म्हणून तो भाद्रपदाच्या शेवटी मचव्याने मुंबईला निघाला. वाटेत वादळ झालं. दोन खलाशांची प्रेतं दिवेआगरच्या किनाऱ्याला लागली. मचवा मिळाला नाही, शरच्चंद्रही नाही.

जाताना त्याने बायकोला सांगितलं होतं, "रोज सकाळी इंजिनाचं हँडल थोडं फिरवत जा. नाहीतर खाऱ्या हवेनं इंजिन धरेल."

कुमुद फिरवत होती. कुंकू लावायचं, तुळशीला पाणी घालायचं, मग आळीत उतरून हँडल. मडगार्डावर आधी तपकिरी ठिपके आले, मग पापुद्रे, मग आरपार भोकं. समुद्राकडच्या बाजूला जास्त. इंजिन मात्र फिरत होतं.

आळीतल्या बायका तिला काही बोलत नव्हत्या. फक्त हळदीकुंकवाला ती गेली की तिला कुंकू कोणी लावायचं, यावर क्षणभर एकमेकींकडे बघत.

शिमगा आला. देवीची पालखी घरोघर निघायची होती. धाकटा दीर महादेव ओटीवरून म्हणाला, "वहिनी, पालखी आपल्या दारात यायची नाही. मोटार आणि दगडांचा गडगा यांच्यामधून जाईल ती तिरकी करूनच. देवीला कोणी तिरकं करत नाही."

"मग मोटार हलवा."

"कोळीवाड्यातले गडी तयार आहेत. पण दुसऱ्याच्या गाडीला हात लावणार नाहीत. धन्याचा शब्द पाहिजे म्हणतात, नाहीतर वारसाचा."

वारस तोच. वारसाने शब्द दिला की धनी गेला असं ठरणार. मग प्रेताऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन, आणि मग तिच्यासाठी न्हावी.

"शब्द मी देते, त्यांच्या वतीनं," कुमुद म्हणाली. "आपल्या नारळीच्या वाडीच्या फाटकात नेऊन ठेवा. उरलेली चाकं काढू नका."

"दोन प्रेतं लागली, वहिनी."

"तिसरं लागलं की बोलू."

ती आत वळली, पण उंबऱ्यावर थांबली. पालखी दारात टेकली की गुरव नारळ हातात घेऊन घरधन्याच्या नावाने गाऱ्हाणं घालतो. नाव त्याला ठाऊक असलं तरी ते घरातून सांगावं लागतं. आजवर शरच्चंद्र स्वतःच सांगत आला होता. नवऱ्याचं नाव बायकोने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं.

"भाऊजी, उद्या नाव तुम्ही सांगाल ना? मला घेता येत नाही."

"सांगतो की. नाव सांगायला काय लागतं?"

दुसऱ्या दिवशी होड्या ओढतात तसे ओंडके खाली घालून गड्यांनी मोटार सरकवली.

"होडी निदान पाण्यात तरी जाते," दादू कोळी म्हणाला. "ही कुठं जाते?"

"कुठं न्हाय. दारात येऊन बसते. तुझ्या मेव्हण्यासारखी," दुसरा म्हणाला. सगळे हसले. कुमुदही थोडी हसली.

दुपारी पालखी दारात टेकली. गुणाजी गुरवाने नारळ उचलला. आळीतली माणसं भोवती गोळा झाली.

"घरधन्याचं नाव सांगा."

कुमुदने महादेवाकडे पाहिलं. तो हात जोडून पुढे झाला.

"महादेव," तो म्हणाला.

गुणाजीने नारळ तसाच धरला. त्याने कुमुदकडे पाहिलं. "आसंच म्हनू, वैनी?"

नाव तिच्या जिभेवर आलं होतं. एवढे महिने तिने ते स्वप्नातसुद्धा उच्चारलं नव्हतं. तिने शेजारच्या आवडाबाईकडे पाहिलं. आवडाबाईने कुंकवाच्या करंड्यात नजर घातली. कुमुदने ओठ घट्ट मिटले.

गुणाजी नारळ कपाळाला लावून म्हणाला, "म्हादेवाच्या घराला सुखी ठेव, माये."

"व्हय," मागून चारचौघे म्हणाले. नारळ फुटला.

आवडाबाई करंडा घेऊन सवाष्णींना कुंकू लावत आली. कुमुदपाशी तिचं बोट वर झालं, तिथेच राहिलं, आणि ती पुढच्या बाईकडे गेली.

सकाळी कुमुद फाटकात गेली. कुंकू तिने स्वतःच लावलं होतं. हँडल फिरलं, कालच्यासारखंच. मागे पावलं वाजली. महादेवाने म्हसळ्याच्या रानात पाठवलेला गडी पळसाच्या डहाळ्यांचा भारा घेऊन आला होता. या दिवसांत पळसाला पानं थोडीच असतात. डहाळ्यांवर फुलंच जास्त होती.

मोटारीमुळे फाटकात एका माणसापुरतीच जागा उरली होती, आणि तिथे ती उभी होती.

"बाई, जरा बाजूला व्हता?" तो म्हणाला. "भारा आत न्यायचा हाय."

तिने हँडल काढून हातात घेतलं आणि ती बाजूला झाली.